घरातला मायक्रोवेव्ह : भीती कशाची, काळजी कशाची?

गेल्या महिन्यात या सदराच्या एका ज्येष्ठ वाचकांचे सविस्तर पत्र आले. गृहस्थ निवृत्त शिक्षक आहेत. त्यांची मुलगी बोरिवलीला राहते, नोकरी करते आणि येत्या दोन महिन्यांत बाळंत व्हायची आहे. रजेचा हिशेब बघता तिला माहेरी येणे शक्य नाही, म्हणून हे दांपत्यच सहा-आठ महिने मुंबईला मुक्काम हलवणार आहे. मुलीच्या ओट्यावर मायक्रोवेव्ह ओव्हन आहे आणि ती दिवसातून चार वेळा तो वापरते. त्यांचे प्रश्न तीन. या यंत्रातून निघणाऱ्या किरणांचा गर्भावर परिणाम होतो का? त्यात गरम केलेल्या अन्नाचे सत्त्व जाते का? आणि उद्या बाळाचे दूध त्यात कोमट केले तर चालेल का?

पहिल्या दोन प्रश्नांमागची भीती बरीचशी अनाठायी आहे. तिसऱ्या प्रश्नामागची शंका अगदी रास्त आहे. आणि ज्या गोष्टीमुळे मुलुंडच्या माझ्या दवाखान्यात खरोखर रुग्ण येतात, ती त्यांनी विचारलेलीच नाही. ती म्हणजे सकाळी शिजवलेला आणि रात्री मायक्रोवेव्हमध्ये वाफाळता केलेला भात.

नव्वदच्या दशकात हे यंत्र आखातातून परतलेल्या एखाद्याच्या घरी दिसे आणि शेजारीपाजारी ते बघायला जात. आता अंधेरी, घाटकोपर, मुलुंडच्या दोन खोल्यांच्या घरातही ते असते, आणि आपल्या जिल्ह्याच्या बाजारपेठेतही फ्रीजशेजारी मांडलेले दिसते. उपनगरात ते रुजले याचे कारण हौस नव्हे. सकाळी सातच्या लोकलसाठी घर सोडणारी बाई पहाटे स्वयंपाक उरकते आणि ते अन्न रात्री नऊला खाल्ले जाते. मधले चौदा तास ते अन्न कुठे आणि कोणत्या अवस्थेत होते, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. मायक्रोवेव्ह अन्न गरम करतो, ताजे करत नाही. एवढे एक वाक्य लक्षात ठेवून पुढचे वाचावे.

किरणांची भीती

या पेटीत मॅग्नेट्रॉन नावाची एक नळी असते. ती विजेपासून सूक्ष्मलहरी तयार करते. दुसऱ्या महायुद्धात शत्रूची विमाने हेरणाऱ्या रडारसाठी हिचा उपयोग झाला. १९४० साली बर्मिंगहॅम विद्यापीठात रँडल आणि बूट या दोघांनी तिचे प्रभावी रूप सिद्ध केले. पुढे १९४५ साली अमेरिकेतील रेथिऑन कंपनीचे पर्सी स्पेन्सर चालू मॅग्नेट्रॉनजवळ उभे असताना त्यांच्या खिशातली चॉकलेटची वडी वितळली आणि त्यातून अन्न शिजवण्याची कल्पना निघाली, अशी हकिकत सांगतात. सुरुवातीची यंत्रे माणसाएवढी उंच होती. ओट्यावर मावेल असा ओव्हन १९६७ साली बाजारात आला. अशा अतिलघू लहरींवरचे काम आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधी झाले होते; जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कोलकात्यात मिलिमीटर लांबीच्या लहरींनी दूर ठेवलेली घंटा वाजवून दाखवली होती.

घरच्या ओव्हनमधली लहर सेकंदाला सुमारे २४५ कोटी वेळा कंप पावते आणि तिची लांबी साधारण १२ सें.मी. भरते. अन्नातले पाण्याचे कण या लहरीबरोबर दिशा बदलण्याची धडपड करतात, एकमेकांवर आदळतात आणि त्या घर्षणाने अन्न तापते. बस्स, एवढेच घडते. अन्नात काही ‘शिरून’ राहत नाही. वीज बंद झाली की लहरी त्याच क्षणी संपतात. दिवा मालवल्यावर खोलीत उजेड साठून राहत नाही, तसेच हे.

घोटाळा होतो तो ‘रेडिएशन’ या शब्दामुळे. कर्करोगाच्या रुग्णाला दिले जाते तेही रेडिएशन आणि हेही रेडिएशन, मग दोन्ही सारखेच, असे मनाने घेतलेले असते. बोरिवलीहून फार लांब नाही, पवईच्या आयआयटीच्या आवारात ‘समीर’ नावाची केंद्र सरकारची संस्था १९८४ पासून सूक्ष्मलहरींवर संशोधन करते. कर्करोगावरील उपचाराची लिनिअर अ‍ॅक्सिलरेटर यंत्रे तिने विकसित केली आहेत. त्या यंत्रातही सूक्ष्मलहरी असतात. पण त्या फक्त इलेक्ट्रॉनना वेग देण्याचे काम करतात. रुग्णाच्या गाठीवर पडतात ते त्यातून निर्माण झालेले क्ष-किरण. क्ष-किरणांत पेशीतील रेणू तोडण्याइतकी शक्ती असते. सूक्ष्मलहरींत ती नसते. त्या तापवतात, तेवढेच करू शकतात. अर्थात तापवणे हेही थोडके नव्हे, म्हणून त्या पेटीबाहेर येता कामा नयेत. दाराच्या काचेत जी बारीक छिद्रांची जाळी दिसते, तिचे काम हेच. १२ सें.मी.ची लहर मिलिमीटरभर छिद्रातून जाऊ शकत नाही, उजेड मात्र जातो, म्हणून आपल्याला आतले दिसते.

गळतीची मर्यादाही ठरवून दिलेली आहे. ओव्हनपासून ५ सें.मी. अंतरावर दर चौरस सें.मी.ला ५ मिलिवॅट, यापेक्षा अधिक नाही. अंतर वाढले की हे प्रमाण झपाट्याने घटते. हातभर अंतरावर ते शंभराव्या हिश्श्याच्या आसपास येते. तेव्हा गुरुजींच्या मुलीने दार नीट लागणारा, धडधाकट ओव्हन वापरण्यास माझी काहीच हरकत नाही. अन्न फिरत असताना काचेला नाक लावून बघत बसू नये, एवढेच. मात्र दार वाकडे झाले असेल, बिजागरी सैल असेल, जाळीपाशी गंजून भोक पडले असेल किंवा दार उघडल्यावरही यंत्र चालू राहत असेल, तर ते त्याच दिवशी बंद करावे, गर्भवती घरात असो वा नसो. हृदयात पेसमेकर बसवलेल्यांनाही आता घरच्या चांगल्या ओव्हनची बंदी नसते. शंका असल्यास आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारावे.

हल्ली आत मोबाइल ठेवून दुसऱ्या फोनवरून रिंग देण्याची एक ‘चाचणी’ सांगितली जाते. रिंग वाजली म्हणजे ओव्हन गळतो, असा तिचा निष्कर्ष. त्यावर विसंबू नये. अत्यंत क्षीण लहरीवरही फोन वाजतो, आणि आत फोन विसरून कुणी बटण दाबले तर फोन आणि ओव्हन दोन्ही गेलेच म्हणून समजा.

सत्त्वाचे म्हणाल तर क जीवनसत्त्व आणि फोलिक आम्ल ही दोन्ही उष्णतेने आणि भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून दिल्याने कमी होतात. मायक्रोवेव्हमध्ये वेळ कमी आणि पाणी थोडे, त्यामुळे पालक किंवा फरसबी वाफवली तर उलट बरेच काही शिल्लक राहते. पुन्हा पुन्हा गरम केले तर मात्र कोणत्याही चुलीवर नुकसानच.

पापडाचा प्रयोग

मायक्रोवेव्ह आतून बाहेर शिजवतो, असे पुष्कळजण सांगतात. तसे नाही. या लहरी अन्नात जेमतेम दोन-तीन सें.मी. खोल जातात, त्यापुढचा भाग आजूबाजूच्या उष्णतेनेच हळूहळू तापतो. शिवाय पेटीत लहरी भिंतींवर आपटून परततात, एकमेकींत मिसळतात आणि काही जागी जोर धरतात, काही जागी विरतात. हे डोळ्यांनी बघायचे असेल तर एक सोपा प्रयोग आहे. आतली फिरती काचेची थाळी आणि तिच्याखालची चकती काढून घ्यावी, साधी काचेची बशी मधल्या खुंटीवर उपडी ठेवावी म्हणजे ती फिरणार नाही, तिच्यावर मोठा उडदाचा पापड ठेवून वीस-पंचवीस सेकंद यंत्र चालवावे. पापड सगळा भाजत नाही. ठिकठिकाणी फुलतो, मधे कच्चाच राहतो, आणि फुललेल्या जागांमधले अंतर बरेचदा सहा सें.मी.च्या आसपास निघते, म्हणजे लहरीच्या लांबीच्या निम्मे. नातवंडांना दाखवण्यासारखी गंमत आहे. (पापड तळला नाही म्हणून त्यातले मीठ आणि खार कमी होत नाही, हे रक्तदाबवाल्यांनी ध्यानात ठेवावे.)

त्या पापडात जे घडले तेच वाटीतल्या आमटीत आणि डब्यातल्या भातात घडते, फक्त दिसत नाही. कडेला चटका बसतो आणि मधला घास थंड असतो. थाळी फिरते त्याने थोडा फरक पडतो, पूर्ण नाही. म्हणून माझे सांगणे असे की अन्न ढीग करून ठेवू नये, पसरट भांड्यात मधे खळगा करून कडेने मांडावे. वर झाकण ठेवावे पण वाफेला फट ठेवावी. निम्मा वेळ झाला की बाहेर काढून तळापासून ढवळावे, पुन्हा तापवावे आणि मग मिनिट-दोन मिनिटे तसेच राहू द्यावे. हा शेवटचा मुक्काम पुष्कळजण गाळतात. त्या दोन मिनिटांत कडेची उष्णता मध्यापर्यंत पोहोचते. शिळे अन्न सर्वत्र ७४ अंश सेल्सिअसपर्यंत तापले पाहिजे, असा नियम आहे. घरी तसा तापमापक नसतो, आणि तापाचा तापमापक चुकूनही अन्नात घालू नये. तो ४२ अंशांपुढचा नाही, फुटेल. मध्यातून वाफ निघते आहे आणि चमचा तळाशी नेल्यावरही तितकाच गरम लागतो आहे, ही घरगुती खूण पुरेशी आहे.

झाकण काढताना ते आपल्याकडून पलीकडे उचलावे. वाफेने भाजते तेव्हा बहुधा मनगट आणि चेहरा भाजतो. भाजलेच तर लगेच नळाखाली धरावे, चांगली वीस मिनिटे, पाणी साधे, बर्फाचे नव्हे. बांगड्या, अंगठी आधी काढावी. टूथपेस्ट, हळद, तेल, शाई काही लावू नये. लहान मूल भाजले असेल, चेहरा, डोळे वा हाताचा पंजा भाजला असेल, किंवा भाजलेली जागा रुग्णाच्या तळहातापेक्षा मोठी असेल तर घरी थांबू नये. मुलुंडकरांना पूल ओलांडला की ऐरोलीचे नॅशनल बर्न्स सेंटर जवळ आहे.

किती वेळ, हा प्रश्न सगळेच विचारतात, आणि त्याला एकच उत्तर नाही. कारण काही यंत्रे ७०० वॅटची असतात, काही ९०० वॅटची. पुस्तकातली कृती ९०० वॅटसाठी चार मिनिटे सांगत असेल तर ७०० वॅटच्या यंत्राला पाच मिनिटांहून थोडे अधिक लागेल. आणि एक वाटी आमटीला दीड मिनिट लागले म्हणून दोन वाट्यांना तेवढ्यात भागत नाही, जवळजवळ दुप्पट वेळ लागतो; गॅसच्या सवयीच्या माणसाला हे चमत्कारिक वाटते. म्हणून मुलीने एक कागद मोठ्या अक्षरांत लिहून ओव्हनवर चिकटवावा : भात एक वाटी, चमचाभर पाणी शिंपडून, एक मिनिट, ढवळून आणखी अर्धे, पोळी ओलसर स्वच्छ फडक्यात गुंडाळून पंधरा सेकंद, अधिक नाही, नाहीतर ती चामड्यासारखी होते, पाव तर दहाच सेकंद. आई-वडिलांना बटणे शिकवताना सगळी शिकवत बसू नये. तीस सेकंदांचे एक आणि बंद करण्याचे एक, दोन पुरेत.

सकाळचा भात

आता मूळ मुद्दा. कच्च्या तांदळात बॅसिलस सेरियस नावाचे जंतू बीजाणूंच्या, म्हणजे कवचबंद बियांच्या रूपात असतात. भात शिजताना बाकीचे जंतू मरतात, हे बीजाणू टिकतात. शिजलेला भात ओट्यावर कोमट स्थितीत राहिला की ते रुजतात आणि वाढू लागतात. मुंबईची दमट हवा, तीस अंशांच्या आसपास तापमान, त्यांना हवे तसेच असते. वाढताना ते एक विष भातात सोडतात. हे विष इतके चिवट की १२१ अंशांवर दीड तास ठेवले तरी नष्ट होत नाही. आपला प्रेशर कुकरही त्याहून अधिक तापत नाही. तेव्हा अडीच मिनिटांच्या मायक्रोवेव्हची कथा ती काय! जंतू मरतील, विष राहील. भाताला वासही येत नाही, चवही बदलत नाही.

अशी माणसे दवाखान्यात येतात ती ठरलेली हकिकत घेऊन. रात्री जेवलो, भात चांगला कढत करून घेतला होता, आणि एक ते पाच-सहा तासांच्या आत उलट्या सुरू झाल्या. फोडणीचा भात म्हणून केलेला असला तरी तेच. मी विचारते, भात दिवसभर कुठे होता? उत्तर येते, कुकरमध्येच, झाकण लावून. बाईंना वाटते झाकणाने तो सुरक्षित राहिला. खरे तर जाड कुकरमधला भात कितीतरी तास कोमट राहतो, आणि तीच वाईट अवस्था. बहुतेकांना दिवसभरात आराम पडतो. पण लहान मूल, म्हातारे माणूस आणि गर्भवती यांच्या शरीरातले पाणी लवकर उतरते. क्षारसंजीवनी घोट घोट देत राहावी, आणि ग्लानी आली, लघवी थांबली किंवा पाणीही पोटात ठरेना, तर डॉक्टरांकडे न्यावे.

उपाय मायक्रोवेव्हच्या आधीचा आहे. भात झाल्यावर जो रात्रीसाठी ठेवायचा तो परातीत पसरावा, पंख्याखाली वाफ जाऊ द्यावी आणि तासाभरात, उशिरात उशिरा दोन तासांत, उथळ डब्यातून फ्रीजमध्ये ठेवावा. उन्हाळ्यात तासाच्या पुढे जाऊ नये. फ्रीजचे आतले तापमान ५ अंशांच्या खाली हवे. काठोकाठ भरलेल्या आणि दर दहा मिनिटांनी उघडल्या जाणाऱ्या फ्रीजमध्ये ते तसे राहत नाही. रात्री लागेल तेवढाच भात काढून एकदाच गरम करावा. उरलेला परत फ्रीजमध्ये, मग उद्या पुन्हा गरम, हा खेळ करू नये. पहाटे कामावर जाणाऱ्या बाईला तासभर थांबायला वेळ कुठला, असे कुणी म्हणेल, आणि ते खरेच आहे. त्यावर माझा तोडगा असा की घरी असलेल्या आजी-आजोबांनी हे काम अंगावर घ्यावे, आणि घरी कुणीच नसेल तर रात्रीचा भात रात्रीच लावावा. भाताला वीस मिनिटे लागतात.

मटणाच्या वा चिकनच्या दाट रश्श्याची गोष्ट थोडी निराळी. त्यात वाढणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम जंतूंना मात्र पुरेशी उष्णता मारते, म्हणून रस्सा ढवळून, उकळी फुटेपर्यंत तापवण्याने खरा फायदा होतो. अर्थात तोही मोठ्या पातेल्यात रात्रभर ओट्यावर ठेवू नये. लहान भांड्यांत वाटून लवकर थंड करावा.

बाळाचे दूध

बाटली मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नये. पापडाचा प्रयोग आठवा. बाटली हाताला कोमट लागते आणि आत एखादा थर टाळू भाजेल इतका कढत असतो. मनगटावर टाकलेला थेंब कुठल्या थरातला, कोण जाणे. आईचे काढून ठेवलेले दूध असेल तर आणखी एक कारण आहे. ‘पीडिअ‍ॅट्रिक्स’ या नियतकालिकात १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मायक्रोवेव्हमध्ये ७२ अंशांच्या पुढे तापवलेल्या आईच्या दुधातील रोगप्रतिकारक घटक मोठ्या प्रमाणात घटलेले आढळले. नोकरीवर परतलेली आई डब्यात बसून, ऑफिसच्या कोपऱ्यात बसून ते दूध काढते. त्याचे मोल तेच. वाटीत गरम पाणी घ्यावे, बाटली त्यात पाच-सात मिनिटे उभी ठेवावी, हलवावी आणि मग थेंब मनगटावर टाकून बघावा. आजीला हे शिकवावे लागणार नाही.

मोठ्यांच्या पाण्याचीही एक गोष्ट सांगायला हवी. गॅसवर पातेल्याच्या तळाशी बुडबुडे येतात आणि पाणी उकळले हे कळते. गुळगुळीत कपात, मायक्रोवेव्हमध्ये, बुडबुडा धरायला जागाच मिळत नाही. पाणी शंभर अंशांच्या पुढे जाते आणि वरून शांत दिसते. आपण कप बाहेर काढतो, कॉफीची पूड टाकतो, आणि सगळे पाणी एकदम उसळून तोंडावर येते. म्हणून एका कपाला दीड-दोन मिनिटांवर जाऊ नये, कपात आइस्क्रीमची लाकडी काडी ठेवावी, यंत्र थांबल्यावर अर्धे मिनिट कपाला हात लावू नये. ज्यांचे हात थरथरतात त्यांनी चहा गॅसवरच करावा. तोच बरा लागतो, हे माझे वैयक्तिक मत.

कवचासकट अंडे कधीही ठेवू नये. उकडलेले अंडेसुद्धा पुन्हा गरम करताना, किंवा बाहेर काढून दाताखाली आल्यावर फुटू शकते. वांगे, बटाटा, टोमॅटो यांना काट्याने चार-सहा ठिकाणी टोचावे. घट्ट झाकणाची बरणी नको.

भांडी आणि वीज

आपल्या घरात सगळे स्टीलचे, आणि हे यंत्र स्टील घेत नाही. धातूवरून लहरी परततात, अन्न तापत नाही, ठिणग्या उडतात. ॲल्युमिनियमचा कागद, सोनेरी काठाच्या बश्या, तारेचे हँडल असलेला कागदी डबा, सगळे यात आले. उष्णतारोधक काच आणि साधी, काठावर नक्षी नसलेली चिनी माती सर्वांत उत्तम. मेलामाइनच्या ताटल्या दिसायला चिनी मातीसारख्याच असतात, पण त्या स्वतःच तापतात आणि त्यांतली द्रव्ये अन्नात उतरतात. त्या वाढण्यापुरत्याच ठेवाव्यात. एखाद्या बशीबद्दल शंका असेल तर ती रिकामी बशी आणि शेजारी कपभर पाणी असे मिनिटभर आत ठेवावे. पाणी तापले आणि बशी गारच राहिली तर ती चालेल. बशीच तापली तर नको.

हॉटेलमधून येणाऱ्या पातळ काळ्या-पांढऱ्या डब्यांचे काय? भाजी त्यातून काढून काचेच्या वाडग्यात घ्यावी, असे मी सांगते. तेलकट रस्सा पाण्यापेक्षा कितीतरी अधिक तापतो आणि डब्याची कड मऊ पडते. २०२३ साली अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठाच्या संशोधकांनी बाळांच्या खाऊचे प्लॅस्टिकचे डबे तीन मिनिटे मायक्रोवेव्हमध्ये तापवून पाहिले. काही डब्यांच्या दर चौरस सें.मी.मधून ४० लाखांवर सूक्ष्म आणि २०० कोटींवर अतिसूक्ष्म प्लॅस्टिककण सुटले. शरीरात त्यांचे पुढे काय होते याचा अभ्यास चालू आहे. काचेचा वाडगा मात्र आजच मिळतो. डब्यावर ‘मायक्रोवेव्ह सेफ’ लिहिलेले असते त्याचा अर्थ डबा वितळणार नाही, एवढाच बहुतेक वेळा घ्यावा. आणि वडे, भजी, पापड वर्तमानपत्रावर ठेवून आत सरकवू नयेत. शाई अन्नाला लागते, कागद पेटतो. भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ साली वर्तमानपत्रात अन्न बांधण्याविरुद्ध सूचना काढली होती. हे मी वर्तमानपत्रातच लिहिते आहे, संपादक क्षमा करतील.

शेंगदाणे, खोबरे, रवा, मिरच्या या कोरड्या वस्तू थोड्या प्रमाणात भाजता येतात, पण तीस-तीस सेकंदांनी हलवत आणि समोर उभे राहून. त्यांत पाणी नसल्यामुळे त्या हा हा म्हणता आतून जळतात. धूर दिसला तर दार उघडू नये. हवा मिळाली की भडका होतो. भिंतीवरचे बटण बंद करावे, आग आपोआप विझेपर्यंत थांबावे, आणि ती बाहेर आली तर १०१ वर फोन करावा.

एवढे यंत्र १२०० ते १४०० वॅट वीज ओढते. पाच मिनिटांना दशांश युनिट, म्हणजे बिलाची चिंता नको; चिंता हवी ती वायरची. मुलुंड-भांडुपला महावितरणची वीज असो की अंधेरी-बोरिवलीला अदानीची, इमारतीच्या आतली वायर सोसायटीची आणि आपली. जुन्या इमारतींत स्वयंपाकघरात एकच मोठा प्लग असतो आणि त्यावर फ्रीज, मिक्सर, ओव्हन असे तिघे लटकवलेले असतात. ओव्हनला जाड पिनचा, अर्थिंग असलेला स्वतंत्र प्लग हवा. मागे आणि वर वीतभर नाही तरी चार बोटांहून अधिक मोकळी जागा हवी. रिकामा कधी चालवू नये; मुले बटणांशी खेळत असतील तर आत पाण्याचा पेला ठेवून द्यावा.

आतली सांडलवंड रोज पुसावी, कारण वाळलेला रस्सा पुढे जळतो आणि तिथेच पत्र्याचा रंग उडतो. वाडग्यात पाणी आणि लिंबाच्या फोडी घालून तीन मिनिटे चालवले, थोडे थांबून पुसले, की पुरे. उपनगरातल्या खाऱ्या हवेत गंज लवकर धरतो. बटणांच्या मागच्या उबेत झुरळे घर करतात, हे प्रत्येक दुरुस्तीवाला सांगेल. पण त्यासाठी घरच्या कुणी स्क्रूड्रायव्हर घेऊन मागचे झाकण उघडू नये. आतल्या भागात चार हजार व्होल्टपर्यंत दाब असतो आणि तिथला कपॅसिटर प्लग काढल्यानंतरही विजेचा साठा धरून ठेवतो. मिक्सर, इस्त्री घरी दुरुस्त करणारे हुशार लोक नेमके याच ठिकाणी फसतात. ओव्हन आतून बिघडला तर कंपनीच्या प्रशिक्षित माणसालाच बोलवावे, आणि काम झाल्यावर दार उघडताच यंत्र थांबते की नाही, हे त्याच्यासमोर, आत पाण्याचा पेला ठेवून, बघून घ्यावे.